काटक झालेलं काळीज

लिंडेनाऊ, मॅनिटोबा
२० फेब्रुवारी

प्रिय आगाता,

पाकिटावरचं अक्षर ओळखून चुलीकडे निघाली असशील तर जरा थांब. वाचून मग जाळ. तुला फोन केला की तुमच्या अ‍ॅबट्सफर्डची लाइन नेमकी माझ्या आवाजानेच बिघडते, म्हणून हा खटाटोप.

लोरेनाने मला फोन केला होता. तिच्यावर डाफरू नकोस, पोरगी रडत होती. तुझ्या हृदयाची झडप अरुंद झाली आहे, डॉक्टर ती झडप बदलायला सांगतायत, आणि तू त्यांना म्हणालीस, "माझं हृदय बंद पाडायचा हक्क ज्याचा आहे, तो वर बसलाय. त्याला घाई नाही, तुम्हाला कशाला?" हे ऐकून मला आधी हसू आलं. इतक्या वर्षांत तुझ्या जिभेची धार गेलेली नाही. पण पुढे लोरेना म्हणाली, "मामा, असंच राहिलं तर पुढचा हिवाळा आई काढेल असं डॉक्टर म्हणत नाहीत." मग हसू कुठल्या कुठे गेलं.

आता माझी गंमत ऐक. मलाही तेच झालंय. तीच झडप, वर दोन रक्तवाहिन्या तुंबलेल्या. आपल्या बाबांनी बीटच्या शेतात "जरा टेकतो" म्हणून अंग टेकलं आणि पुन्हा उठले नाहीत, त्याचं कारण आता कळलं. घराण्याची इस्टेट म्हणून थोरल्या-धाकटीला सारखी वाटून मिळालेली ही एकच वस्तू.

मी ऑपरेशनला हो म्हटलंय. मी आधी जातो. तू काठावर उभी राहून बघ. नीट पलीकडे पोचलो, तर तूही यायचंस. या पत्राचा हेतू एवढाच, त्यात आडपडदा नाही.

पियानोचं म्हणशील, तर तो अजून चर्चमध्ये आहे आणि अजून बेसूर आहे. चर्चमध्ये वाद्य नको म्हणत तू आणि तुझा जेकब त्या पियानोपायी चर्च सोडून, गाव सोडून डोंगरापलीकडे गेलात. मी पियानोच्या बाजूने राहिलो. खरं कोण, ते देवाला ठाऊक. त्याला वाद्य आवडतं की नुसता गळा, हे त्याने अजून कुणाला स्पष्ट सांगितलेलं नाही. पण तुझी झडप आणि माझी झडप काही त्या वादात कुठल्या बाजूला नव्हती, एवढं मान.

टोमॅटोचं बी पेरलंय. तुझी वहिनी लीना विचारतेय म्हणून लिहितो: अजून खोकतेस का?

तुझा,
इझाक


६ मार्च

आगाता,

विनिपेगला जाऊन आलो. रस्त्यात वाऱ्याने बर्फ इतकं उडवलं की पुढचा ट्रक दिसेना. लीना सगळा वेळ "हळू, हळू" करत होती. शेवटी मी म्हटलं, "अगं, याहून हळू म्हणजे मागे." तर म्हणाली, "मागेच चल."

ऑपरेशन करणारे मोठे सर्जन वेगळे आहेत, ते फारसं बोलत नाहीत. पण त्यांच्याबरोबर एक डॉक्टरीण आहे, हॉल्डोर्सन नावाची, तिकडच्या तळ्याकाठच्या आइसलँडवाल्यांची मुलगी. तिने मात्र मला माणसासारखं समोर बसवून सांगितलं. मी तुझाच प्रश्न विचारला, तुझं नाव न घेता. म्हटलं, "पोरी, कडाक्याच्या थंडीत बंद पडलेला ट्रॅक्टर मी पाहिलाय. तुम्ही माझं हृदय थंड करून बंद पाडणार. ते परत चालू होणार कशावरून?"

ती म्हणाली, "आजोबा, बंद असताना त्याला फारसा त्रास होत नाही. तेवढा वेळ यंत्र तुमचं रक्त फिरवतं. आम्हाला खरं जपावं लागतं ते रक्त परत सोडताना."

"हे उलटंच झालं की."

"लहानपणी तुमची बोटं कधी थंडीने गोठली होती?"

आता हे मॅनिटोबातल्या माणसाला विचारायचं म्हणजे माशाला पाणी पाहिलंस का असं विचारणं. आगाता, तुला आठवतं ना, शाळेतून येताना बोटं लाकडासारखी व्हायची, तेव्हा दुखायचं नाही. दुखायचं ते घरात आल्यावर. स्टोव्हपाशी हात नेला की आपण दोघं गुरासारखे ओरडायचो आणि आई आपल्याला मागे खेचून हात गार पाण्यात घालायला लावायची.

"तेच," डॉक्टरीण म्हणाली. "उपाशी राहिलेल्या हृदयात रक्त परत शिरतं, तेव्हा त्यातला प्राणवायूच उलटतो. ज्याच्यावर जगायचं तोच आतून जाळायला लागतो. पण शरीराकडे ही आग विझवणारी स्वतःची फौज असते. अडचण एकच, ती पेंगत असते. आधी थोडंसं डिवचलं तर जागी होते."

हे डिवचणं कसं, तर रक्तदाब मोजायचा पट्टा दंडाला करकचून बांधायचा, हाताचं रक्त थोडा वेळ अडवायचं, सोडायचं, पुन्हा अडवायचं. हात जरासा उपाशी राहतो आणि हृदयाला निरोप धाडतो की बाबा रे, पुढे वाईट दिवस येतायत, तयारीत राहा.

मी विचारलं, "हात निरोप धाडतो कसा?"

"ते नक्की कळलं तर मी तुम्हाला बेकरीतला सगळ्यात मोठा केक पाठवीन," ती म्हणाली. "रक्तातून काहीतरी जातं, एवढं दिसतंय. याचा खरंच उपयोग होतो का, हेच आम्ही तपासतोय. म्हणून निम्म्या लोकांना खरा पट्टा आणि निम्म्यांना लटका. भूल दिल्यावर बांधतात. तुम्हाला कोणता, हे तुम्हालाही कळणार नाही आणि मलाही नाही."

मी तिला म्हटलं, "यात नवीन ते काय? हे तर रोपं काटक करणं झालं." ती म्हणाली, "म्हणजे?" मग मी सांगितलं. काचघरात वाढलेलं रोप एकदम शेतात लावलं की ऊन-वाऱ्याने माना टाकतं. म्हणून आधी ट्रे तासभर बाहेर ठेवायचे, आत आणायचे. दुसऱ्या दिवशी थोडं जास्त. दांडा जाड होतो, पान चिवट होतं. रोपाला त्रास दिल्याशिवाय रोप शेताच्या लायकीचं होत नाही. तिला हे फार आवडलं. म्हणाली, रोपाच्या आतही जवळपास हाच कारखाना चालतो.

लीना कोपऱ्यातून म्हणाली, "झालं. आता हा घरी जाऊन स्वतःलाच ट्रेमध्ये ठेवील."

पट्टा घ्यायला मी सही केली. ऑपरेशन महिनाअखेरीला.

इझाक


१९ मार्च

आगाता,

तुझं खोकं पोचलं. आत चिठ्ठी नाही, काही नाही, नुसत्या गोळ्यांच्या बाटल्या आणि झाकणावर तुझ्या त्या टोचऱ्या अक्षरात, "रोज दोन. जेवणावर." आगाता, एवढी चार अक्षरं मी किती वेळ वाचत बसलो होतो, ते लीनाला विचार. ती म्हणाली, "औषध बाटलीच्या आत असतं, झाकणावर नाही."

पण आता जे सांगतो त्यावर रागावू नकोस. तुझ्या गोळ्या डॉक्टरिणीला फोनवर वाचून दाखवल्या. तू गोळ्या घेतेस त्या दुकानात म्हणतात ना, शरीराला गंज चढू न देणाऱ्या, त्याच. ती म्हणाली, "भाजी-फळं हवी तेवढी खा, पण या मूठभर गोळ्या ऑपरेशन होईपर्यंत बाजूला ठेवा." मी म्हटलं, आग विझवणारी वस्तू आगीच्या आधी घेतली तर बिघडलं कुठे? ती म्हणाली, "पहिली ठिणगीच पडू दिली नाही, तर फौजेला हाक कोण मारणार? थोडं जळणं हीच घंटा असते. तुम्ही घंटेलाच बोळा कोंबताय. अर्थात अजून सगळं सिद्ध झालेलं नाही, पण मी धोका घेणार नाही." अति तिथे माती, असं आई साखरेच्या डब्याकडे बघून म्हणायची, ते गोळ्यांनाही लागू दिसतं. बाटल्या खिडकीत ओळीने ठेवल्यात, रोज बघतो. एवढ्याने गुण येत असेल तर येऊ दे.

आता दुसरी बातमी. ऑपरेशन पुढे गेलं, आणि त्याला कारण मीच.

लीना म्हणाली होती तसंच झालं. डॉक्टरिणीच्या पट्ट्यावर माझा विश्वास बसला, पण तो खरा मिळेल की लटका याची खात्री नाही. मी म्हटलं, आपण आपली सोय करून ठेवू. आयुष्यभर टोमॅटो, मिरच्या, कोबी काटक केले, एक म्हातारा काटक करता येणार नाही? म्हणून सकाळी नुसत्या सदऱ्यावर काचघरामागे जाऊन उभा राहायला लागलो. पहिल्या दिवशी थोडा, दुसऱ्या दिवशी जास्त. अगदी ट्रे ठेवतात तसं, वाऱ्याची बाजू बघून. लीनाला सांगितलं, कोंबड्या बघून येतो.

ती एकदा म्हणाली, "कोंबड्यांनी तुझा कोट काढून घेतला काय?"

व्हायचं तेच झालं. ताप, सर्दी, छातीत घरघर. हात दाखवून अवलक्षण. सर्जन म्हणाले, छाती साफ झाल्याशिवाय हात लावणार नाही. डॉक्टरीण फोनवर, मला वाटतं, तोंड दाबून हसत होती. मग म्हणाली, "आजोबा, दंडाला पाच मिनिटं पट्टा आणि सगळं अंग मार्चच्या वाऱ्यात, यात फरक आहे. हाताला उपाशी ठेवायचं होतं, तुम्हाला मारायचं नव्हतं."

तुझं काय चाललंय? लोरेना म्हणते, तू न थांबता जिना चढत नाहीस, मध्ये दोनदा टेकतेस आणि विचारलं तर म्हणतेस, "भिंतीवरचे फोटो बघतेय."

इझाक


२१ एप्रिल, विनिपेग

आगाता,

उद्या सकाळी. छाती साफ आहे. खिडकीतून नदी दिसते, बर्फाचे तुकडे वाहतायत.

तुला लिहायचं तर खोटं कशाला लिहू? मी शूरासारखं बोलत आलो, पण दुपारी नर्स छातीवरचे केस काढायला आली तेव्हा मी तिला दोनदा विचारलं, आजच काढायला हवेत का. लीना म्हणाली, "पंचेचाळीस वर्षं म्हणत आलास की तुझ्या काळजात माझ्याशिवाय कुणी नाही. उद्या ते उघडून बघणार आहेत. दुसरी कुणी सापडली तर आत्ताच सांग." मी म्हटलं, "आगाता आहे एका कोपऱ्यात. खुर्ची पाठमोरी करून बसलीय." तर ती माझा पाय चेपत बसली.

आमच्या चर्चची माणसं येऊन गेली, गाणं म्हटलं. दवाखान्यात पियानो नव्हता, त्यामुळे तुझ्या पद्धतीने. चार आवाजात, नुसत्या गळ्यावर. बरं वाटलं, हे कबूल करायला मला काही वाटत नाही.

डॉक्टरीण सांगून गेली, रक्त परत सोडल्यावर पुष्कळ हृदयं थरथरतात, मग झटका देऊन त्यांना ताळ्यावर आणावं लागतं. काही मात्र आपली आपण उठतात. माझं कोणतं निघतं ते बघू.

पलीकडे पोचलो की लिहीन.

इझाक


८ मे

आगाता, मी लीना. तो सांगतोय आणि मी लिहितेय, कारण त्याला अजून ताठ बसवत नाही. मधे मधे माझं म्हणणं मी घालीन, ते तुला ओळखू येईल.

आगाता, पोचलो.

रक्त सोडलं, आणि सगळे यंत्राकडे बघत उभे असताना माझं हृदय एकदा हललं. मग थांबलं. मग पुन्हा हललं, आणि चालायलाच लागलं. झटका नाही, काही नाही. ते न बोलणारे सर्जन म्हणे बोलले. म्हणाले, "हा म्हातारा घाईत दिसतोय." मला हे डॉक्टरिणीने सांगितलं, मी तेव्हा हजर असून नसल्यासारखा होतो. तिसऱ्या दिवशी चाललो. पाचव्या दिवशी जेवण बेचव आहे म्हणून तक्रार केली. (आगाता, तिसऱ्याच दिवशी केली.) आता घरी आहे. प्लमचं सार केलंय लीनाने. (तू शिकवलंस तसं, दालचिनी घालून.)

काल अंगणात गेलो. पाठीला ऊन लागत होतं, छातीत कुठे काही अडत नव्हतं. वाफ्याच्या टोकापर्यंत जाऊन परत आलो आणि मधे एकदाही थांबलो नाही. मला काय वाटलं, हे लिहायला बसलो तर लीना रडेल आणि शाई फुटेल. (फुटली.)

गावात ज्याला त्याला पट्ट्याची गोष्ट सांगतोय. रविवारी दुपारी कॉफीला माणसं जमली की पाव पुढे करायच्या आधी दंड पुढे करतो. (लोक आता मागच्या दाराने जातात.)

आणि मग तुझं कार्ड आलं. एक ओळ. "तुझं झालं ते बरं झालं. तुला पट्टा होता. इथे पट्टा नाही. आगाता."

लोरेनाने तिथल्या डॉक्टरांना विचारलं. त्यांच्याकडे ही चाचणी चालू नाही. म्हणजे मी गावभर गायलेला पोवाडा तुझ्या हातात सबब होऊन पडला. (तुझं कार्ड मी फ्रीजवर लावलंय, ते मात्र त्याला काढू देणार नाही.) लीना.


१७ सप्टेंबर

आगाता,

उन्हाळाभर मी पट्ट्याबद्दल गप्प राहिलो. लोरेना कळवत होती, आता आई जिन्यात तीनदा थांबते. तुला दोन पत्रं लिहिली आणि फाडली. आर्जवं करून तू ऐकणारी नव्हेस, हे मी पाळण्यापासून जाणतो.

काल तपासणीला विनिपेगला गेलो होतो. डॉक्टरीण म्हणाली, चाचणी पूर्ण झाली, यादीची मोहर फुटली, आता कुणाला कोणता पट्टा होता ते सांगता येतं. ऐकायचंय?

मी म्हटलं, "त्यात ऐकायचं काय? खरा होता. नाहीतर मी असा उठलो असतो काय?"

ती म्हणाली, "लटका होता."

आगाता, मी दंडाकडे बघितलं. लीना आधी ओठ चावत होती, मग तिला आवरेना. "गावातल्या प्रत्येक माणसाला दाखवलायस तो दंड," ती म्हणाली. "आता प्रत्येकाकडे जाऊन परत घे."

मी डॉक्टरिणीला विचारलं, "मग हृदय आपलं आपण उठलं कसं? माझी फौज कुणी जागी केली?"

ती म्हणाली, "चांगल्या सर्जननं केलं, थंड औषधानं केलं, रक्त जपून सोडलं त्यानं केलं. पण तुम्ही मला सांगा, ऑपरेशनआधी ट्रे उचलताना छातीत दुखायचं?"

"दुखायचं. मग ट्रे खाली ठेवायचो. थांबलं की परत उचलायचो."

"किती वर्षं?"

"बरीच. लीनाला सांगितलं नव्हतं."

"आता सांगितलंत," लीना म्हणाली.

डॉक्टरीण म्हणाली, "मी शपथेवर सांगणार नाही. एका माणसावरून काही ठरत नाही. पण आम्ही पट्ट्याने जे करू बघतो, ते तुमचं हृदय कदाचित स्वतःच करत आलंय. थोडं उपाशी, थोडी विश्रांती, पुन्हा थोडं उपाशी. दर वेळी आतली फौज थोडी जागी झाली असेल."

काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी काचघरामागे सदऱ्यावर उभा राहून जे मागत होतो, ते देवाने आधीच आत घालून ठेवलेलं होतं.

म्हणून तुला लिहितोय. तुला पट्टा नाही, मलाही नव्हता. आपण दोघं सारखे झालो. आणि जिन्यात थांबून तू भिंतीवरचे फोटो बघतेस ना, ते फोटो बघताना तुझं काळीज काय शिकत असेल, याचा विचार कर. मात्र शिकायलाही मर्यादा असते. डॉक्टरिणीला तुझं नाव न घेता विचारलं, तर ती म्हणाली, "झडप आणखी अरुंद झाली की काटकपणा कामाला येत नाही. रोप फार दिवस ट्रेमध्ये ठेवलं तर काय होतं, ते तुम्हीच सांगा." काय होतं हे तुला माहीत आहे. मुळं गुरफटतात आणि मग जमीन मिळूनही उपयोग नसतो.

आता शेतात लावायची वेळ आहे, आगाता. सबब संपली.

इझाक


३० ऑक्टोबर

आगाता,

हे पत्र लोरेना तुला वाचून दाखवील, कारण तुझ्या नाकातोंडात नळ्या असतील आणि आयुष्यात पहिल्यांदाच मी बोलताना तुला मध्ये तोडता येणार नाही. म्हणून सावकाश लिहितो.

माझ्या पत्राचं उत्तर म्हणून गेल्या महिन्यात फोन वाजला, मी उचलला आणि पलीकडून आवाज आला, "तू आधीच्यापेक्षा जास्त बडबडायला लागलायस. हृदयात काही जादा बसवलंय काय?" मी लीनाकडे बघितलं. फोन तिच्याही कानापाशी धरला. तू म्हणालीस, "लाइन बिघडली वाटतं." मी म्हटलं, "नाही. चालू आहे." मग तू म्हणालीस, "लटका पट्टा बांधून हिंडलास गावभर," आणि इतकी हसलीस की तुला धाप लागली. धाप ओसरल्यावर तू हळूच विचारलंस, "थांबलेलं असताना काही कळतं का रे?"

मी म्हटलं, "काही नाही. पेरल्यावर बीला कळतं तेवढंच."

"बीला काय कळतं?"

"ते उगवल्यावर विचार."

मग तू हो म्हणालीस. अट घातलीस की मी तिकडे यायचं नाही, कारण "भूल द्यायच्या आधी तुझं तोंड बघितलं तर माझं तिथेच बंद पडेल." ठीक. म्हणून काल मी इथे स्वयंपाकघरात होतो. एकटा नव्हतो. कुणी सांगितलं कोण जाणे, पण सकाळपासून माणसं येत राहिली, आमच्याही चर्चची, पियानो नको म्हणणाऱ्या तुमच्या जुन्या मंडळींपैकीही. खुर्च्या पुरेनात, काहीजण बटाट्याच्या पोत्यांवर बसले. कुणी सूर्यफुलाच्या बिया सोलत होतं.

फोन वाजला. लोरेना म्हणाली, "मामा, झालं. झडप बसली. रक्त सोडलं आणि आईचं आपलं आपण सुरू झालं. झटका द्यावा लागला नाही." मी तिला तेच वाक्य पुन्हा म्हणायला लावलं आणि मोठ्याने सगळ्यांना सांगितलं. इथे कुणी टाळ्या वाजवत नाही, तुला माहीत आहे. पण म्हातारा डर्क्सन पोत्यावरून उठला, टोपी काढली, पुन्हा घातली, आणि लीनाने त्याच्या हातातली कॉफी सांडून त्याला मिठी मारली.

नंतर तुला वॉर्डात आणल्यावर लोरेनाने पुन्हा फोन लावला. म्हणाली, "मामा, थांबा, मी फोन आईच्या छातीला लावते." आणि लावला. खोलीभर माणसं श्वास रोखून माझ्याकडे बघत होती. आगाता, मला यंत्राची टुकटुक ऐकू आली, कुणाच्या तरी बुटांचा आवाज आला, नर्स काहीतरी पुटपुटली ते ऐकू आलं. तुझं हृदय काही मला ऐकू आलं नाही. पट्टीखाली, नळ्यांखाली, फोनमधून, एवढ्या डोंगरांपलीकडून ते ऐकू येणार तरी कसं?

मी सगळ्यांकडे वळून म्हटलं, "ऐकू येतंय. अगदी ठणठणीत."

आणि ते खरंच होतं.

तुझा,
इझाक